शनिवारी ब्रेड, रविवारी मिसळ

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव मागितला की माणूस बाहेरगावचा आहे हे वाढप्याला लगेच कळतं. इथं बहुतेक ठिकाणी ताटलीशेजारी स्लाइस ब्रेड येतो, तोही जरा जाडच कापलेला. लादीपाव मऊ आणि पोकळ असतो. पातळ कटात, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्शात, बुडवला की त्याचा लगदा होतो आणि अर्धा वाटीतच राहतो. दाटसर स्लाइस कट पिते, पण तोंडापर्यंत जाईस्तोवर तुटत नाही.

घरी मिसळ करताना सगळा जीव कटात ओतला जातो आणि ब्रेड मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून येतो. गोडसर, कापसासारखा, बुडवताक्षणी विरघळणारा. हा ब्रेड घरी भाजणं अवघड नाही, फक्त तो आदल्या दिवशी भाजावा लागतो. ताजा, गरम ब्रेड नुसता लोण्याबरोबर खायला छान लागतो, कटाला तो चालत नाही. भाजल्यावर दहा-बारा तासांत आतला स्टार्च घट्ट होत जातो आणि स्लाइसला अंग येतं. म्हणून रविवारच्या मिसळीची तयारी उलटी मोजायची: गुरुवारी रात्री मटकी भिजत, शुक्रवारी सकाळी मोड आणायला फडक्यात, शनिवारी दुपारी ब्रेड, रविवारी सकाळी कट. कांदा-लसूण चटणी यापेक्षा खूप आधीची. ती डब्यात नसेल तर आधी तिचं बघा.

खालची सगळी मापं सहा माणसांची आहेत. वाटी म्हणजे 200 मिलीची, चमचा म्हणजे 5 मिलीचा, मोठा चमचा 15 मिलीचा. ब्रेडला मात्र वाटी-चमचा चालणार नाही, वजनकाटा घ्या.

चटणी

कोल्हापुरात ‘चटणी’ म्हटलं की ओली चटणी कुणाच्या डोक्यात येत नाही. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षभराचा. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या वाळवून, निवडून डंकावर कांडून आणायच्या, हा इथला ठरलेला कार्यक्रम. किलोकिलोने करायची असेल तर डंकाला पर्याय नाही, कारण कांडताना मिरची मिक्सरइतकी तापत नाही. पण दोन-तीन महिन्यांपुरती चटणी मिक्सरवर होते.

देठ काढून 100 ग्रॅम मिरची घ्या: 60 ग्रॅम ब्याडगी आणि 40 ग्रॅम संकेश्वरी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल. रंग तिचा, तिखटपणा बेताचा. संकेश्वरी लांब, सडपातळ. झटका तिचा. नुसती ब्याडगी घेतली तर कट लालभडक दिसतो पण जिभेला काहीच लागत नाही. नुसती संकेश्वरी घेतली तर घाम फुटतो आणि रंग विटकरी राहतो. आणखी जाळ हवा असेल तर संकेश्वरीतली 10 ग्रॅम कमी करून लवंगी मिरची घाला, त्यापुढे जाऊ नका.

बाकीचं सामान: सुकं खोबरं 40 ग्रॅम, कांदा 100 ग्रॅम, लसूण 40 ग्रॅम, धणे 30 ग्रॅम, तीळ 15 ग्रॅम, जिरे 8 ग्रॅम, खसखस 5 ग्रॅम, लवंग, मिरी आणि दालचिनी प्रत्येकी 2 ग्रॅम, दगडफूल चिमूटभर, बाद्यान एक, मसाला वेलची एक, तमालपत्राची दोन पानं, जायपत्रीचा नखाएवढा तुकडा, खडा हिंग 1 ग्रॅम, हळद एक चमचा, खडे मीठ 30 ग्रॅम आणि तेल 50 मिली.

मिरची कडक उन्हात दोन दिवस, नाहीतर मंद तव्यावर दोन-तीन मिनिटं फक्त गरम करून कुरकुरीत करायची. तिचा रंग काळपट व्हायला लागला की थांबायला उशीर झाला. धणे, जिरे, तीळ, खसखस वेगवेगळे कोरडे भाजा. एकत्र भाजले तर खसखस करपते तोवर धणे कच्चेच असतात. गरम मसाले आणि हिंग एक चमचा तेलात फुलवून घ्या. खोबरं किसून तांबूस करा.

आता कांदा. चटणी बिघडते ती बहुतेक वेळा इथंच. कांदा पातळ चिरून उरलेल्या तेलात मंद आचेवर वीस मिनिटं, अगदी मोडला की कट्कन आवाज यावा इतका कुरकुरीत तळायचा. मऊ राहिला की ओल राहते, आणि ओल राहिली की महिन्याभरात डब्यात बुरशी. लसूण सालीसकट ठेचून त्याच तेलात ओल जाईपर्यंत परता.

मिक्सरमध्ये आधी मिरची आणि मीठ, मग कोरडे मसाले, मग तीळ-खोबरं, शेवटी कांदा-लसूण. थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, खोबऱ्याला आणि तिळाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. हळद घालून सगळं परातीत हाताने एकजीव करा, पूर्ण गार होऊ द्या, मग काचेच्या बरणीत दाबून भरा. साधारण 300 ग्रॅम होते. आठवडाभर तिला हात लावू नका. ताज्या चटणीत मिरची, लवंग, लसूण प्रत्येक जण वेगळा बोलतो. आठ दिवसांनी एकच वास येतो.

मटकी

दोन वाट्या मटकी रात्री भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून सुती फडक्यात सैलसर बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, डिसेंबरात चोवीस लागतात. अर्धा सेंटीमीटर मोड पुरे. बोटभर लांब मोड दिसायला छान, पण मटकी गुळचट लागते. चिकट झाली किंवा वास यायला लागला तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं, ती टाकून द्या. मोड आले की मटकी फ्रिजमध्ये ठेवा, रविवारपर्यंत टिकते.

शिजवायची उघड्या पातेल्यात: मटकी बुडून वर दोन बोटं पाणी, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ, बारा-पंधरा मिनिटं. कुकरची शिट्टी झाली की सालं निघतात आणि आमटी होते. दाणा बोटात चेपला जावा, पण अख्खा दिसावा. शिजवलेलं पाणी फेकू नका, ते कटात जातं.

ब्रेड

मैदा 400 ग्रॅम, पाणी 260 मिली, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, गूळ 16 ग्रॅम, तेल 20 ग्रॅम. टिन साधारण 22 सेंटीमीटर लांब, 11 रुंद आणि 7 उंच.

साखरेऐवजी गूळ घातला तर पापुद्र्याला रंग चांगला येतो आणि आतला भाग किंचित क्रीम रंगाचा होतो. कोल्हापुरात बसून ब्रेडला साखर घालण्यात तसाही काही अर्थ नाही. फक्त गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाशी उसाचा भुगा आणि कचकच असते. 16 ग्रॅमपेक्षा जास्त नको, हा मिसळीचा ब्रेड आहे. तेलही यापेक्षा वाढवू नका. जास्त तेलाने ब्रेड मऊ होतो आणि मऊ ब्रेडची तक्रार घेऊनच आपण इथवर आलोय.

यीस्टचं पाकीट जुनं असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट टाकून बघा. दहा मिनिटांत फेस चढला नाही तर पाकीट टाका. पाणी कोमट म्हणजे बोटाला ना गार ना गरम. चहाइतक्या गरम पाण्यात यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट बघितली तरी पीठ हलत नाही. पाकीट फोडल्यावर घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवलं तर काही महिने चालतं.

मैदा, यीस्ट आणि गुळाचं पाणी कालवा. पाण्यातलं 20 मिली मागे ठेवा, प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. ओबडधोबड गोळा झाला की झाकून वीस मिनिटं सोडून द्या. या वेळात मैदा पाणी शोषतो आणि पुढचं मळणं निम्म्यावर येतं. मग मीठ आणि तेल घालून आठ-दहा मिनिटं मळा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल. इथं बहुतेक जण घाबरून सुका मैदा भुरभुरतात आणि ब्रेड वीट होतो. चिकटू द्या. तळव्याने पुढे ढकला, दुमडा, फिरवा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते स्वतःच हात सोडायला लागतं. चपातीच्या कणकेपेक्षा हे सैल असतं, तिच्याशी तुलना करू नका.

मळून झालं का हे बघायला लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पातळ पापुद्रा झाला, खिडकीसमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही, तर झालं. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटं मळा.

तेलाचा हात लावून झाकून ठेवा आणि दुप्पट होऊ द्या. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. एप्रिलच्या दुपारी चाळीस मिनिटांत दुप्पट होतं, जानेवारीत दीड-दोन तास लागतात. थंडीत बंद ओव्हनमध्ये, न पेटवता, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून त्यात पीठ ठेवा. पावसाळ्यात हवेत ओल असते, मैदाही दमट असतो, तेव्हा पाणी 250 मिलीवर आणा आणि एक चमचा व्हिनेगर घाला. त्याचं कारण पुढे येईल.

दुप्पट झालं की ओट्यावर काढून हलक्या हाताने हवा दाबा. साधारण 20 बाय 25 सेंटीमीटरचा आयत करा. रुंदी टिनच्या लांबीपेक्षा थोडी कमी. मग एका कडेपासून घट्ट गुंडाळत या, प्रत्येक वेढ्याला बोटांनी आत दाबत, आळूवडीचा उंडा करतो तसं. शेवटची कड चिमटून बंद करा आणि ती खाली ठेवून उंडा तेल लावलेल्या टिनमध्ये बसवा. गुंडाळी सैल झाली की वरच्या पापुद्र्याखाली भोकं पडतात. मग स्लाइस कापली की मधोमध बोगदा, आणि कट त्यातून सरळ शर्टावर.

दुसऱ्यांदा फुगायला चाळीस मिनिटं ते तासभर. पीठ टिनच्या काठावर एक-दीड सेंटीमीटर आलं की ओव्हन तापलेला हवा, म्हणून पंधरा मिनिटं आधी 190 अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल लावून पेटवा. बोटाने हलकं दाबा. खळगा हळूहळू अर्धा भरून आला तर आत टाका. झटकन भरला तर अजून दहा मिनिटं थांबा. अजिबात भरला नाही तर वेळ उलटून गेली आहे. असं पीठ ओव्हनमध्ये गेल्यावर फुगण्याऐवजी मधोमध बसतं. तेव्हा ते तसंच भाजू नका. काढून पुन्हा गुंडाळा आणि पुन्हा फुगू द्या, दुसऱ्यांदा लवकर येतं.

टिन अशा जाळीवर ठेवा की ब्रेडचा मधला भाग ओव्हनच्या मधोमध येईल. म्हणजे जाळी मधल्या खाचेच्या एक खाली. 190 अंशांवर 35 मिनिटं. घरगुती ओटीजीचा, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनचा, काटा दहा-वीस अंश इकडेतिकडे असतोच, त्यामुळे पहिल्या वेळी विसाव्या मिनिटाला काचेतून बघा. वरून तांबूस झाला असेल तर अॅल्युमिनियम फॉइल सैल झाका आणि उरलेला वेळ पूर्ण करा. बाहेरून रंग आला म्हणून लवकर काढलेला ब्रेड हमखास आत ओला असतो. खात्रीचा उपाय एकच, टोचायचा थर्मामीटर: मध्यभागी 94 ते 96 अंश. तो नसेल तर ब्रेड टिनमधून काढून पालथा करा आणि बुडावर टिचकी मारा. पोकळ आवाज यायला हवा. बूड फिकट आणि मऊ असेल तर टिनशिवाय पाच मिनिटं नुसता जाळीवर ठेवा.

भाजल्यावर टिनमध्ये पाच मिनिटांच्या वर ठेवू नका. वाफेने बाजू ओल्या होतात आणि आत चेपतात. जाळीवर किमान दोन तास गार करा. या दोन तासांत घरात जो वास सुटतो त्यामुळे कुणीतरी सुरी घेऊन येणारच. त्याला कडेचा तुकडाही देऊ नका. गरम ब्रेड कापला की सुरीला चिकटतो, कापलेली बाजू गुळगुळीत न राहता पिठूळ होते आणि वाफ निघून गेल्याने उरलेला ब्रेड सकाळी सुकलेला मिळतो. पूर्ण गार झाला की सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर वरचा पापुद्रा चामट होतो. फ्रिजमध्ये ठेवूच नका, तिथं तो लवकर शिळा होतो.

रविवारी सकाळी दात्यांच्या सुरीने, न दाबता, करवतीसारखं पुढे-मागे करत दीड सेंटीमीटर जाडीच्या स्लाइस कापा. एका लोफच्या तेरा-चौदा होतात. माणशी दोन धरल्या आहेत. तरणी पोरं पंक्तीला असतील तर सगळं दुप्पट करून दोन टिन लावा.

राहिला व्हिनेगर. जुलै-ऑगस्टमध्ये घरचा ब्रेड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो, तेवढं डोळ्यांना दिसतं. पण कधीकधी वरून ठीक दिसणारा ब्रेड आतून चिकट होतो, तोडला की तारा सुटतात आणि पिकून गेलेल्या खरबुजासारखा वास येतो. पिठात असलेल्या एका जिवाणूमुळे हे होतं. त्याचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत, आणि दमट-उबदार हवेत ते वाढतात. थोड्या आंबटपणाने त्यांना आळा बसतो. असा ब्रेड कडा कापून खाण्याजोगा नसतो, सगळा टाका आणि टिन, ओटा, फडकं उकळत्या पाण्याने धुवा.

कट

तेल 150 मिली. एवढं वाचून हात आखडणार असेल तर आधीच सांगतो, 100 मिलीवर कट होतो पण तवंग धरत नाही. नको असलेला तवंग वाढताना बाजूला काढता येतो, कमी तेलाच्या कटावर तो नंतर आणता येत नाही.

वाटणाला: मध्यम कांदे तीन, सुकं खोबरं 50 ग्रॅम, लसूण पंधरा पाकळ्या, आलं इंचभर, तीळ एक मोठा चमचा, कोथिंबीर मूठभर देठांसकट, लहान टोमॅटो एक. कांदे सालासकट थेट गॅसवर, वरची साल काळी होऊन आतून मऊ पडेपर्यंत भाजा. कच्चा कांदा वाटला तर कडवट होतो आणि कितीही परतला तरी उग्र वास पूर्ण जात नाही. खोबरंही अख्खा तुकडा चिमट्यात धरून भाजून घ्या, त्याला स्वतःच्या तेलाने जाळ लागतो, फुंकून विझवा. ओलं खोबरं इथं नको. त्याच्या दुधाने कट गुलाबी पडतो आणि ती कोल्हापूरची मिसळ राहत नाही. सगळं थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. रवाळ वाटण तळाशी बसतं.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवा, मोहरी, जिरं, कढीपत्ता, मग वाटण. मध्यम आच, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पहिली पाच मिनिटं ते शिंतोडे उडवतं, कारण पाणी जात असतं. मग आवाज बसतो, रंग गडद होतो आणि वाटण कडा सोडून गोळ्याने फिरायला लागतं. कडेने तेल दिसलं की झालं. दहाव्या मिनिटाला कंटाळून पुढे गेलात तर कटाला कच्च्या वाटणाची चव राहते आणि तेल वर यायला मागत नाही.

आता गॅस बंद करा. खरंच बंद, मंद नव्हे. मिनिटभर थांबा. मग कांदा-लसूण चटणी पाच मोठे चमचे आणि रंगासाठी ब्याडगीची पूड एक मोठा चमचा घाला. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून चटणी पाण्याआधी तेलात जायला हवी. पण फोडणीच्या कडकडीत तेलात ती पाच-सहा सेकंदांत करपते. रंग तपकिरी, चव कडू, आणि घरभर ठसका. कोमट झालेल्या तेलात घातली की रंग बघताबघता चढतो. दोन मोठे चमचे गरम पाणी शिंपडा, ढवळा, आता अगदी मंद गॅस लावून दोन मिनिटं परता. पातेल्यात वाटण काळपट-तांबडं आणि भोवती शेंदरी तेलाचं कडं दिसलं की पुढे जा.

मटकीचं पाणी धरून एकूण 1.8 लिटर पाणी, उकळतं, एकदम न ओतता तीन वेळा करून घाला. मीठ दोन चमचे. चटणीत मीठ आहेच, पहिल्या उकळीनंतर चाखून ठरवा. एक उकळी आली की आच कमी करा आणि अर्धवट झाकून पंचवीस मिनिटं मंद खदखदू द्या.

या पंचवीस मिनिटांत तवंग बनतो किंवा बिघडतो. पातेल्यात वादळ उठेल इतक्या जोरात उकळलं तर तेल रसात घुसळलं जातं आणि कट नारिंगी, गढूळ दिसतो. पृष्ठभागावर इकडेतिकडे एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच उकळी. शेवटी गॅस बंद करून दहा मिनिटं न ढवळता ठेवा. तेल वर येऊन लाल थर होतो. वाढताना डाव तळापर्यंत न नेता वरून थोडा आणि मधून बाकीचा, असा भरायचा, नाहीतर पहिल्या दोघांना सगळा तवंग आणि शेवटच्याला गरम पाणी.

कट पातळच असतो. दाट वाटला पाहिजे म्हणून बेसन किंवा शेंगदाण्याचं कूट लावायचा मोह होतो, लावू नका. टोमॅटो दोन-तीन घातले की आंबट भाजी होते. गूळ काही घरांत घालतात. ब्रेडात तो आहे, तेवढा पुरे.

फार तिखट झाला तर पाणी ओतून उपयोग नाही. मिरचीचा जाळ तेलात असतो, पाण्याने नुसती चव पातळ होते. एक कांदा आणि थोडं सुकं खोबरं भाजून, वाटून, वेगळ्या कढल्यात चटणीशिवाय परतून कटात सोडा आणि गरम पाण्या-मिठाने पुन्हा माप जुळवा. ताटलीशेजारी दही ठेवा. दुधातलं प्रथिन हा जाळ धरून ठेवतं, म्हणून ताक-दह्याने जीभ शांत होते आणि पाण्याने होत नाही.

वाढणी

चार उकडलेल्या बटाट्यांची पिवळी भाजी हवी: मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद, मीठ. कोरडी, दहा मिनिटांत होते. शिजलेल्या मटकीला वेगळी फोडणी नको, ती गरम करून निथळून घ्या.

खोलगट ताटलीत मटकी, शेजारी चमचाभर बटाटा, त्यावर मूठभर शेव-चिवडा, मग कट फरसाण अर्धवट बुडेल इतका, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. कट उकळता हवा, कोमट कट म्हणजे तेलकट आमटी. ताटल्या आधी भरून ठेवू नका. दोन मिनिटांत शेव मऊ पडते, म्हणून माणूस बसला की ताटली भरायची. कटाचं पातेलं मंद गॅसवरच ठेवा, जादा कट मागितला जाणारच, आणि त्यासाठीच 1.8 लिटर धरला आहे.

ब्रेड भाजू नका, टोस्ट केलेली स्लाइस कट पीत नाही. नुसती घ्या, अर्धी मोडा, मोडलेली बाजू खाली करून कटात दोन सेकंद धरा. पापुद्र्याची बाजू बोटांत राहिली पाहिजे, तिकडून सुटत नाही.

उरलेला कट फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. परत गरम करताना पाणी घालायचं तर उकळतं. त्यात उकडलेली अंडी दोन भाग करून सोडली की संध्याकाळचं कालवण होतं. ब्रेडच्या दोन्ही टोकांच्या जाड कडा उरतातच. त्या मंद तव्यावर कडक करून मिक्सरला लावा, कटलेटला बाहेरचा चुरा आणावा लागत नाही.